दार बंद होण्याआधीची खरेदी

३० आणि ३१ मार्च २०१७ हे दोन दिवस देशातील दुचाकी विक्रेत्यांच्या चांगलेच स्मरणात असतील. २९ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘भारत स्टेज ३’ या जुन्या मानकाच्या वाहनांची विक्री १ एप्रिलपासून बंद करण्याचा आदेश दिला आणि पुढील अठ्ठेचाळीस तासांत दुकानांपुढे झुंबड उडाली. कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट जाहीर केली. ज्याला गाडीची गरज होती तो आला, आणि ज्याला नव्हती तोही आला. रंग निवडण्यासही कोणाला सवड नव्हती.

त्या वेळी भाव उतरले याचे कारण उघड आहे. मुदतीचा फास विक्रेत्याच्या गळ्यात होता. न विकलेला माल १ एप्रिलला त्याच्याकडेच पडून राहणार होता. ग्राहकाला मात्र त्यानंतरही नवी आणि अधिक चांगली गाडी मिळणारच होती. परंतु ज्या वस्तूचे उत्पादनच थांबले आहे, जिच्यासारखी दुसरी बाजारात येणार नाही आणि जिच्या विक्रीवर शासनाचा निर्बंध येऊ घातला आहे, तिच्या बाबतीत घाई ग्राहकाला होते आणि भाव चढतात. अशा वस्तूंत पिस्तुलाचे उदाहरण सर्वांत बोधक आहे. पिस्तूल ही सहसा न झिजणारी, सहज लपणारी, वारसाहक्काने जाणारी आणि जिच्या किमतीत भीतीचा व प्रतिष्ठेचा वाटा पोलादाहून मोठा असतो अशी वस्तू आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००१ पासून ‘सुरक्षित’ ठरवलेल्या पिस्तुलांची एक सरकारी यादी असते. त्या यादीत नसलेले नवे पिस्तूल सामान्य ग्राहकाला दुकानातून घेता येत नाही. परिणामी ‘ग्लॉक’ या ऑस्ट्रियन कंपनीच्या नव्या पिढ्यांची पिस्तुले इतरत्र खपत असताना या राज्यात तिसऱ्या पिढीचेच पिस्तूल वर्षानुवर्षे विकले जात राहिले. २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील राज्यपालांनी आणखी एका कायद्यावर सही केली. लहानसा सुटा भाग बसवून ज्या रचनेच्या पिस्तुलातून सलग गोळ्या झाडता येतात, तशा पिस्तुलांची दुकानांतील विक्री थांबवण्यासाठी १ जुलै २०२६ ही तारीख मुक्रर झाली. त्याच महिन्यात कंपनीनेही आपली अनेक जुनी मॉडेले बंद करून नव्या रचनेची आणण्याचे जाहीर केले. म्हणजे कारखाना थांबणार आणि दुकानही थांबणार. तेथे पैसे भरल्यापासून पिस्तूल हाती पडेपर्यंत दहा दिवस थांबावे लागते. तेव्हा शेवटच्या दिवशी जाऊन चालत नाही, हा हिशेबही ग्राहकाने करायचा. कायदा शस्त्रे कमी व्हावीत म्हणून झालेला, आणि त्याच्या घोषणेने मागणीला मात्र ऊत आलेला, असा हा प्रकार.

सोलापुरातील शिक्षकाला वा कारकुनाला या दूरदेशीच्या व्यवहाराचे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण हा प्रयोग भारताने चाळीस वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे, आणि त्याचे व्याज अजून फेडले जात आहे.

१८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि युरोपियनांना सूट दिली. तेव्हापासून शस्त्राचा प्रश्न हा संरक्षणापेक्षा स्वाभिमानाचा झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला, तो या जखमेमुळेच. त्याच वर्षी १२ जानेवारीस येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे सोलापूरचे चार हुतात्मे फासावर गेले होते. १९३० च्या मे महिन्यात ज्या शहराने लष्करी कायदा अनुभवला, तेथे ‘शस्त्र कोणाच्या हाती’ हा प्रश्न पुस्तकी नव्हता. पुढे संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली तेव्हा ती फेटाळली गेली. स्वतंत्र भारताने शस्त्र हा हक्क न मानता परवाना मानला. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि १९६२ चे नियम या भूमिकेवर उभे राहिले, आणि ती भूमिका योग्यच होती.

मात्र त्या काळात परवाना मिळालेल्या माणसाला दुकानात बरीच निवड होती. इंग्लंडमधील वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हरे, जर्मनीचे वॉल्थर, अमेरिकेचे कोल्ट, इटलीचे बेरेटा ही नावे जुन्या परवान्यांच्या पुस्तिकांत आजही आढळतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सामान्य नागरिकांसाठी बंदुका-पिस्तुलांच्या आयातीचे दार बंद झाले. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत राहिली. परदेशातील वास्तव्य संपवून कायमचे मायदेशी परतणाऱ्यास एक शस्त्र आणण्याची मुभा राहिली, पण त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले गेले. या फटी सोडल्या, तर देशात त्या दिवशी जेवढी परदेशी पिस्तुले होती तेवढीच कायमची उरली.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकवताना जमिनीचे उदाहरण देतात. जमीन वाढवता येत नाही. म्हणून मागणी वाढली की मालकाला काहीही न करता जादा उत्पन्न मिळते. आयात बंद झाल्यावर देशातील प्रत्येक परदेशी पिस्तूल हा अशा जमिनीचा तुकडाच झाला. त्याच्या मालकाने त्यात काही सुधारणा केली नाही. उलट स्प्रिंग जुनी झाली, मुठीच्या पट्ट्या झिजल्या, निळसर झिलई उडाली. तरी किंमत वाढतच गेली. ज्या पिस्तुलाला युरोप-अमेरिकेच्या जुन्या बाजारात बेताची किंमत येते, त्याला भारतात लाखांचे मोल आले. कोल्टचे बत्तीस बोअरचे खिशात मावणारे प्रसिद्ध पिस्तूल १९०३ साली बाजारात आले आणि त्याचे उत्पादन १९४५ च्या सुमारास संपले. वेब्ली अँड स्कॉटने १९७९ मध्ये बंदुकांचे उत्पादन थांबवले. म्हणजे ज्यांच्यासाठी आपल्याकडे एवढी धडपड चाले, त्यांतली कित्येक जन्मभूमीतही केव्हाच कालबाह्य ठरली होती.

देशी पर्याय नव्हता असे नाही. सरकारी आयुध कारखान्यांनी बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरे आणि ‘अशनी’ नावाचे पिस्तूल बाजारात आणले. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या महिलांच्या नावाने ते आणले त्यांपैकी कितीजणींचा वर्षाचा पगार तेवढा होता, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्त होता. सरकारची मक्तेदारी, आयातीला बंदी आणि परवान्याची प्रतिष्ठा या तिन्हींचा भार अखेर किमतीवर पडतो. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणाऱ्या आणि नंबर लागताच ती गाडी ‘ऑन’ घेऊन विकणाऱ्या पिढीला हे गणित नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. स्कूटरची टंचाई उदारीकरणानंतर संपली. पिस्तुलाची संपू नये असेच शासनाचे धोरण होते, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते असे, की टंचाईतून निर्माण झालेला लाभ कोणाच्या खिशात जातो याचा विचार धोरण आखताना झाला नाही.

तो कोणाच्या खिशात गेला याचे एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे ठरावीक दराने खासदारांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना विकली जात असत. माहिती अधिकारातील अर्जांमुळे या विक्रीच्या याद्या पुढे आल्या. बाजारात ज्याला काही लाख मोजावे लागतात ते शस्त्र सरकारी दराने मिळणे ही सवलत म्हणजे रोख बक्षिसासारखीच होती. फक्त अंदाजपत्रकात तिचा कोठे उल्लेख येत नव्हता. दार बंद करणाऱ्यांच्याच हाती मागच्या दाराची किल्ली राहते, तेव्हा बंदीच्या हेतूवरील लोकांचा विश्वास उडतो. जकात आणि परमिटाच्या दीर्घ इतिहासात हे पुनःपुन्हा घडले आहे.

सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. उजनीचे पाणी आल्यावर माढा, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात ऊस वाढला, सांगोल्यात डाळिंब आले, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात अग्रेसर झाला. त्यापाठोपाठ उभ्या पिकांत रानडुकरांचा उपद्रवही वाढला. शस्त्र अधिनियमात शेतकऱ्याचा विचार आहे. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पीक संरक्षणासाठी तोंडातून भरण्याची ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. पिस्तुलाबाबत तसे नाही. पिस्तुलासाठी जिवाला धोका असल्याचे किंवा अन्य सबळ कारण दाखवावे लागते. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे अर्ज जातो. पोलीस चौकशी होते. २०१६ च्या नव्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याच्या व्यवस्थेची अट घातली. वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. परवान्यावर काडतुसांची संख्याही लिहिलेली असते.

यामुळे एक गोष्ट मात्र चांगली होते. ‘पुढच्या महिन्यापासून मिळणार नाही, आजच घेऊन ठेवा’ हा विक्रेत्याचा मंत्र आपल्याकडे एका दिवसात फळत नाही. कॅनडात तो कसा फळला ते साऱ्या जगाने पाहिले. तेथील सरकारने ३० मे २०२२ रोजी पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवण्याचा इरादा जाहीर केला आणि ती प्रत्यक्षात गोठली २१ ऑक्टोबरला. मधल्या पावणेपाच महिन्यांत दुकानांची फडताळे रिकामी झाली. ज्यांच्या मनात पिस्तूल घेण्याचा विचारही नव्हता त्यांनी ‘पुन्हा संधी नाही’ म्हणून ते घेतले. शेवटी ऑगस्टमध्ये आयात बंद करून सरकारला ही गळती थोडीफार थोपवावी लागली. घोषणा आणि अंमल यांत जितके अंतर, तितका घबराटीचा बाजार मोठा. हा नियम सोन्याला लागू आहे, डिझेलला आहे आणि पिस्तुलालाही आहे. फरक इतकाच, की घाईने घेतलेले सोने पेटीत निमूट पडून राहते. घाईने घेतलेले पिस्तूल घरातील रागीट माणसाला, खचलेल्या माणसाला किंवा उत्सुक मुलाला केव्हा सापडेल याची शाश्वती नसते.

अशा खरेदीत फायदाच होतो हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९९४ च्या सप्टेंबरात ‘हल्ल्याच्या शस्त्रां’वर दहा वर्षांची बंदी आली. बंदीपूर्वी बनलेली शस्त्रे बाळगण्यास व विकण्यास मोकळीक होती. साहजिकच बंदीच्या चर्चेत भाव भडकले. कारखानदारांनी ते पाहून बंदीच्या आधी इतका माल काढला की नंतर बाजारात ‘बंदीपूर्व’ मालाचा महापूर आला आणि भाव खाली घसरले. चढ्या दराने साठा करणाऱ्यांचे हात पोळले. अपेक्षेवर चालणाऱ्या बाजारात अपेक्षा सर्वांचीच सारखी असेल तर लाभ कोणालाच होत नाही, हे हर्षद मेहताच्या काळातील समभाग खरेदीदारांना वेगळे सांगावे लागत नाही. भारतात परदेशी पिस्तुलांचे भाव टिकले ते केवळ मागून कारखाना चालू नव्हता म्हणून.

आणि तरीही त्या किमतीचा पाया किती ठिसूळ आहे! बंद पडलेल्या पिस्तुलाची घोडा सोडणारी एखादी स्प्रिंग तुटली, आघातसुई झिजली किंवा मॅगझिनचा ओठ वाकला, तर मूळ कंपनीचा सुटा भाग मिळत नाही. परवानाधारक कारागिराकडून हाताने घडवून घ्यावा लागतो, आणि तो कारागीरही दर शहरात उरलेला नाही. मॅगझिन एकच असेल तर पिस्तूल त्या पत्र्याच्या डबीच्या आयुष्याइतकेच जगते. याहून मोठी गोष्ट काडतुसाची. बत्तीस बोअरची अनेक परदेशी पिस्तुले आपल्याकडे आजही चालतात ती पुण्याजवळच्या खडकीच्या आयुध कारखान्यातील काडतुसांवर. १८६९ पासून उभ्या असलेल्या त्या कारखान्याने उद्या तो प्रकार बनवणे थांबवले, तर लाखांचे कोल्ट कागद दाबण्याच्या कामाचे उरेल. नऊ मिलिमीटरसारखे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे जगभर सर्वांत सहज मिळणारे काडतूस येथे कामाला येत नाही. म्हणजे ही ‘गुंतवणूक’ ज्या सरकारवरील अविश्वासातून केली जाते, त्याच सरकारच्या एका कारखान्याच्या उत्पादन-यादीवर ती अवलंबून असते. दिवाळखोर कंपनीचे भाग घेताना माणूस ताळेबंद तरी पाहतो. येथे तेवढीही चौकशी कोणी करीत नाही.

शासनाने विक्री थांबवण्याऐवजी बाळगण्यावर मर्यादा घातली तर काय होते, हे २०१९ च्या दुरुस्तीने दाखवले. १९८३ मध्ये एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीन शस्त्रे अशी मर्यादा घालण्यात आली होती. २०१९ च्या विधेयकात ती एकावर आणण्याचा विचार होता. विशेषतः पंजाबातून विरोध झाल्यावर दोनवर तडजोड झाली, आणि १४ डिसेंबर २०१९ पासून कायदा अमलात आला. ज्याच्याकडे तीन शस्त्रे होती त्याने तिसरे १३ डिसेंबर २०२० पूर्वी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, अन्यथा परवाना त्या शस्त्रापुरता रद्द होईल, अशी व्यवस्था झाली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था आयातबंदीच्या नेमकी उलट आहे. आयातबंदीत पुरवठा गोठला आणि मागणी मोकळी राहिली. येथे एका वर्षात विकणारे वाढले, आणि घेऊ शकणाऱ्या प्रत्येक परवान्यातील जागा तीनवरून दोनवर आली. घाई पुन्हा मालकावर आली. मार्च २०१७ मधील दुचाकी विक्रेत्यासारखीच त्याची अवस्था झाली.

तथापि या वेळी जे घडणे स्वाभाविक होते त्याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. तिघांपैकी कोणते शस्त्र सोडायचे हे मालकाने ठरवायचे होते. एकीकडे आजोबांच्या काळातील बारा बोअरची दुनळी. जड, जुनी, बाजारात जिला कोणी विचारीत नाही, पण शेतात एखादे रानडुक्कर हुसकावण्यास उपयोगी. दुसरीकडे लाखांचे परदेशी पिस्तूल. शेतात निरुपयोगी, परंतु ज्याची किंमत वाढतच जाणार. कोणताही व्यवहारी मनुष्य दुनळी सोडील आणि पिस्तूल ठेवील. ज्या शस्त्राला कायदा सर्वांत सौम्यपणे वागवतो तेच या गाळणीतून खाली पडते, आणि जे सर्वांत सहज लपते, ज्याच्याविषयी कायद्याला सर्वांत जास्त धास्ती असावी, ते वर राहते. आधीच्या बंदीने दिलेला भाव पुढच्या मर्यादेचा परिणाम वाकवतो. संख्या कमी झाली हे खरे. पण उरलेल्यांत पिस्तुलाचा वाटा वाढला असण्याची शक्यता त्यामागे दडलेली आहे.

यावर असा आक्षेप येईल, की परवान्याच्या शस्त्रांची एवढी चर्चा कशाला? देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुतांश बिनपरवाना शस्त्रांनी होतात. गावठी कट्टा घेणारा ना आयुक्तांकडे जातो, ना परदेशी नावाच्या मागे लागतो. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे आणि शस्त्रनियमनाचे समर्थन करणाऱ्यांनी तो टाळता कामा नये. परंतु परवान्याचे शस्त्र गुन्ह्याच्या आकड्यात कमी दिसते याचे एक कारण परवान्याची पद्धत कडक आहे हेच आहे. शिवाय लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी, पिस्तूल साफ करताना सुटलेली गोळी यांची सुरुवात अनेकदा परवान्याच्या शस्त्रापासूनच होते. आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद २०१९ मध्येच करावी लागली, ती उगाच नव्हे.

तेव्हा प्रश्न निर्बंध असावा की नसावा हा नाही. तो कसा घालावा हा आहे. विक्रीवर बंदी घालायचीच असेल तर घोषणा आणि अंमल एकाच दिवशी व्हावेत. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले तेव्हा सराफ कारागिरांचे अतोनात हाल झाले आणि ते धोरण पुढे टिकले नाही, हे खरे. पण त्यात ज्यांच्या पोटावर पाय आला ते हाताने काम करणारे होते. पिस्तुलाच्या खरेदीत कोणाची भाकरी बुडत नाही, म्हणून पूर्वसूचनेची दया येथे अनाठायी आहे. दुसरे असे, की मर्यादेबाहेरचे शस्त्र सरकारने वाजवी दराने स्वतः विकत घ्यावे. ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर सुमारे साडेसहा लाख शस्त्रे अशी पैसे मोजून घेतली आणि नष्ट केली. आपल्याकडे जमा झालेले शस्त्र ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गंजत पडते आणि मालकाला वाटते की आपल्याला लुबाडले. पैसे मिळतात असे दिसले तर दुनळीबरोबर पिस्तूलही बाहेर येईल. आणि जप्त केलेल्या शस्त्रांची विक्री, मग ती कोणाही पदाधिकाऱ्याला असो, होऊ नये. ती वितळवली जावीत.

या तिन्हींपेक्षा अवघड मुद्दा वारसाचा आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, की त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याचा मार्ग २०१६ च्या नियमांनी मोकळा केला आहे. वृद्धाच्या हातून शस्त्र सुटावे हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. पण ऐंशीच्या दशकाच्या आसपास घेतलेल्या पिस्तुलांचे मालक आज नेमके या वयाचे आहेत, आणि त्यांची मुले पुण्यात वा बंगळुरात नोकरी करतात. त्या मुलाला ना शत्रू असतो, ना शेत राखायचे असते, ना नेमबाजीचा शौक. तो अर्ज करतो तो पिस्तुलासाठी नसून त्याच्या किमतीसाठी. परवाना नाकारला गेला तर लाखांची वस्तू ठाण्यात जाईल या भीतीने तो प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवतो, डॉक्टरचा दाखला आणतो, सोलापूरच्या कचेरीत दोन-चार खेटे घालतो. निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करण्याची नोटीस गावाकडच्या पत्त्यावर येते. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, प्रत्येक परवान्याची छाननी व्हावी, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितले असले तरी नोटिसा येतच राहतात, आणि मग सुट्टी टाकून यावे लागते. परवान्यावर मंजूर असलेली काडतुसे तो विकत घेत नाही. दुनळी केव्हाच गेलेली असते. पिस्तूल तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात असते, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क भरले जाते.